वाळवणातली फुलं

“दाबा... दाबा... आता सोडा. काकू, सोडा म्हणलं न!”

मी सोडत नाही. सोडायचं हे हाताला कळेपर्यंत पाकळी पुढे गेलेली असते आणि चपट्या डोक्याच्या खिळ्यावरच्या क्रीमच्या गुलाबाला एक लांब, लोंबती कड फुटते. मॅडम बटर पेपरचा चौकोन खिळ्यावरून उचलतात, त्यावरचं क्रीम सुरीनं परत भांड्यात घेतात, नवा चौकोन चिकटवतात आणि खिळा माझ्या डाव्या हातात देतात. “परत करा. तुम्ही नुसतं दाबूलालाव.”

एप्रिलची दहा तारीख आहे. नांदेडमध्ये, तरोडा नाक्याकडच्या एका घराच्या पुढच्या खोलीत आम्ही सहा जणी एका टेबलाभोवती उभ्या आहोत. सकाळचे सव्वासात. पंखा बंद आहे, त्याचा वारा क्रीमला लागू नये म्हणून. खिडक्यांवर ओल्या चादरी टाकल्या आहेत. केकवरची फुलं शिकवणारा हा वर्ग सातला भरतो आणि दहाच्या आत आवरतो, कारण दहानंतर इथल्या हवेत क्रीमनं आकार धरायचा तर ए.सी. हवा आणि तो या घरात नाही. मॅडम वयानं माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असतील. त्यांना ए.सी. नसल्याची खंत वाटत नाही. “ए.सी.त शिकून घरी जाऊन काय करणार? जे तुमच्या घरी हाय त्यातच हात बसू द्या,” असं त्या सकाळीच सगळ्यांना सांगून टाकतात.

टेबलाच्या मधोमध बर्फानं भरलेली परात, परातीत स्टीलचं उभं पातेलं, पातेल्यात क्रीम. हे दुधावरचं क्रीम नाही. वनस्पती तेलापासून केलेलं, किलोच्या खोक्यात गोठवून येणारं. आदल्या रात्री खोकं फ्रीजरमधून खालच्या कप्प्यात उतरवायचं आणि सकाळी, आत बर्फाची कणी शिल्लक असतानाच, फेटायला घ्यायचं. पातेलं गार, बिटरच्या काड्या गार. मॅडम बिटर आधी हळू फिरवतात. नुसता फेस येतो. मग वेग वाढवतात आणि काही मिनिटांत पातळ पांढरं पाणी फुगत फुगत पातेल्याच्या काठाशी येतं, बिटर जाईल तिथे वाटा उमटू लागतात. त्या बिटर बंद करून उलटा धरतात. टोकाला क्रीमचा शेंडा उभा राहतो, त्याचं नाक किंचित वाकतं.

“शेंडा वाकला की केकला लावायचं. उभा राहिला की फुलाला. आन् फाटला की हातचं गेलं.”

सिडकोहून आलेली तरुण वहिनी विचारते, गेलं तर टाकून द्यायचं का? किलोभर क्रीमची किंमत तिच्या डोळ्यांत दिसते. मॅडम मुद्दाम वाटीभर क्रीम जास्त फेटून दाखवतात. ते रवाळ होतं, कड्यांना चिरा पडतात. मग त्यात न फेटलेलं क्रीम चमचाभर घालून, बिटर बाजूला ठेवून, साध्या चमच्यानं हलक्या हातानं कालवतात. चिरा मिटतात. सहाही जणी मनापासून “अगं माय!” म्हणतात. मला वाटतं, फुलाच्या आधी हे दाखवलं ते फार बरं झालं. बिघडलेलं परत येतं हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की हात धीट होतो.

फ्रीजच्या दारावर ऑर्डरच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. चौदा एप्रिल चार दिवसांवर आला आहे. बाबासाहेबांच्या जयंतीला रात्री बाराच्या ठोक्याला नांदेडच्या वस्त्यावस्त्यांत केक कापले जातात, आणि चिठ्ठ्यांवर एकच रंग पुन्हा पुन्हा लिहिलेला आहे. मॅडम एका वाटीत क्रीम घेऊन काडीच्या टोकावर जेलचा निळा रंग घेतात. ढवळल्यावर येतो तो फिका, आभाळाचा. वहिनी म्हणते, अजून घाला की. मॅडम वाटी झाकून बाजूला ठेवतात. “दोन तासांनी बघा. जेलचा रंग बसायला वेळ घेतो. आत्ताच गडद केला तर उद्या काळपट दिसंल, आन् जास्त जेलनं क्रीम कडू होतं.” नऊ वाजता झाकण काढतो तेव्हा वाटीतला निळा खरोखर दोन छटा गडद झालेला असतो.

पिशवीत नोझल घालायचं, वरची कड बाहेर दुमडायची, निम्मीच भरायची. निम्मीच, कारण तळहाताची ऊबसुद्धा क्रीमला सोसत नाही. पिशवीचा पीळ अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात धरायचा, बाकीच्या बोटांनी दाब द्यायचा. माझ्यापुढे १०४ नंबरचं नोझल आहे. त्याच्या तोंडाशी एक फट आहे, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाकडे निमुळती होत गेलेली. जाड टोक खाली, बारीक टोक वर. एवढं चुकलं नाही तर पाकळीची कड पातळ येते आणि बूड भक्कम राहतं. चुकलं तर पाकळी जाड ओठासारखी दिसते.

टेबलावरच्या डब्यात अशी वीस-पंचवीस नोझलं आहेत, प्रत्येकावर कोरलेला नंबर. १०२ आणि १०३ त्याच गुलाबाच्या लहान पाकळ्या, १२४ मोठी. ३५२ पानाचं, त्याच्या तोंडाला चोचीसारखी खाच. २३३ला बारीक भोकंच भोकं, त्यातून गवत निघतं. वन-एम आणि टू-डी ही चांदण्यांची. मी नंबर वहीत उतरवून घेते. हे आकडे नांदेडच्या दुकानात मागितले तरी तेच मिळतं, पुण्यात मागितले तरी तेच. ही फुलं क्रमानं आणि ठरलेल्या हातानं शिकवण्याचा वर्ग १९२९ साली शिकागोमध्ये ड्यूई विल्टन यांनी सुरू केला, तो हॉटेलांच्या आचाऱ्यांसारख्या व्यावसायिकांसाठी. तिथपासून फिरत फिरत तो धडा आज या टेबलावर, बर्फाच्या परातीशेजारी, आमच्यापुढे आहे. कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेला असेल, या विचारानं मला बरं वाटतं.

गुलाब असा: खिळ्यावर क्रीमचा टिपका, त्यावर बटर पेपरचा चौकोन. मधोमध क्रीमचा सुळका. नोझल आत कलतं धरून सुळक्याभोवती एक फीत, ती कळी. मग तीन पाकळ्या. उजव्या हातानं कमान काढायची, खालून वर आणि परत खाली, आणि त्याच वेळी डाव्या हाताच्या बोटांत खिळा घड्याळाच्या उलट फिरवायचा. प्रत्येक पाकळी आधीच्या पाकळीच्या थोडी मागून सुरू करायची. तीन झाल्या की नोझल सरळ धरून पाच. मग ते बाहेर कलवून सात. आतली पाकळी मिटलेली, बाहेरची उमललेली. हात आणि खिळा एकमेकांना धरून चालले नाहीत तर पाकळी फाटते किंवा चुरगळते.

माझ्या एका सकाळीत चौदा गुलाब होतात आणि चौदाही परत पातेल्यात जातात.

शेजारची कॉलेजातली मुलगी मेंदी काढते, लग्नसराईत चांगले पैसे कमावते. तिचा पहिलाच गुलाब उभा राहतो. कोन धरून धरून तिच्या बोटांना दाब कुठे संपवायचा हे ठाऊक आहे. मेंदीची रेघ संपवताना बोटं सैल पडतात, मग टोक उचललं जातं. आधी सोडणं, मग उचलणं. मी उलटं करते. आधी उचलते, मग घाईनं सोडते, म्हणून शेपूट राहतं. मी तिच्या मनगटाकडे बघत राहते. ती लाजून म्हणते, “काकू, फूल बघा, हात नका बघू.” पण शिकायचं ते हातातच आहे.

टेबलाच्या टोकाला एक मावशी आहेत, साठीच्या. सुनेची केकची ऑर्डर हातातोंडाशी येऊन अडते, म्हणून त्याच शिकायला आल्या आहेत. त्यांचा दाब खांद्यातून येतो. कुरडईचा सोऱ्या दाबताना यायला हवा तसा, सगळं अंग त्यात घालून. पिशवीच्या मागच्या तोंडातून क्रीम मनगटावर येतं. मॅडम त्यांचा कोपर पोटाशी टेकवतात, दुसऱ्या हातानं त्यांचा खांदा हलकेच खाली दाबतात. “मावशी, हितं गव्हाचा चीक नाही. हितं जोर नको, सातत्य पायजे.” मावशी मान डोलावतात. त्यांच्या गच्चीवर आजच कुरडया घातलेल्या आहेत. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक पहाटे चारला शिजवून त्या इथे सातला हजर आहेत.

मी इथे का आहे ते सांगायला हवं. माझी धाकटी बहीण लातूरला घरून केक करते. स्पंज तिचा उत्तम होतो. पण दिवसाला सहा-सात केक, घर, सासूबाईंचं दुखणं, यात फुलाला वेळ उरत नाही. वर एक दोन ठिपके, चॉकलेटचा कीस, संपलं. फोनवर ती म्हणाली, “ताई, फुलं तू शीक. केक मी करते.” नोकरीतून मोकळी झाल्यावर मला असं नेमून दिलेलं काम कुणी दिलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी नाव नोंदवलं.

चौथ्या दिवशी शेवंती येते. ८१ नंबरचं नोझल, त्याच्या तोंडाशी अर्धगोल. त्या अर्धगोल वाटीचं तोंड वर. क्रीमची टेकडी करायची आणि तिच्या पायथ्यापासून एक एक पाकळी बाहेर ओढायची: दाब, ओढ, सोड. गुलाबात सोडण्याची चूक पुढच्या पाकळीखाली झाकली जाते, शेवंतीत प्रत्येक टोक उघडं. खालची रांग लांब, वरच्या रांगा आखूड आणि उभ्या, एका पाकळीच्या फटीत दुसरी. साठ-सत्तर पाकळ्या होतात एका फुलाला. म्हणजे साठ-सत्तर वेळा सोडायचं. तिसऱ्या शेवंतीच्या मध्यात कधीतरी माझ्या बोटांना ते आपोआप कळतं. मी काही वेगळं केलेलं नसतं. टोक निमुळतं होऊन तुटतं, स्वच्छ. मॅडम काही बोलत नाहीत, फक्त तो चौकोन उचलून पातेल्याकडे न नेता ताटलीत ठेवतात.

साडेनऊला वीज जाते. फ्रीजची घरघर थांबते. कुणी दार उघडत नाही. ताटलीतल्या शेवंतीकडे आम्ही बघत राहतो. दहा मिनिटांत तिची वरची टोकं मऊ पडतात, मग खालची रांग कागदावर आडवी होते. मी आयुष्यात केलेलं पहिलं पुरं फूल पाऊण तास टिकतं.

“आता उद्यापासून टिकणारी फुलं,” मॅडम ताटली धुवायला नेताना म्हणतात.

उद्याच्या फुलांत क्रीम नाही. बारीक दळलेली आयसिंग शुगर आणि अंड्याचा पांढरा बलक फेटून रॉयल आयसिंग होतं. हे नाव राणी व्हिक्टोरियाच्या १८४० सालच्या लग्नाच्या केकशी जोडलं जातं. आमच्या गिऱ्हाइकांत शाकाहारी घरं बहुसंख्य, तेव्हा मॅडम बिनअंड्याची तयार पूड आणतात, तिच्यात मोजून चमचा चमचा पाणी घालतात. पुण्याच्या प्राची धबल देब यांनी असल्याच शाकाहारी रॉयल आयसिंगमध्ये मिलानच्या कॅथेड्रलची १०० किलोंची प्रतिकृती उभारली. हा हात त्यांनी इंग्लंडमध्ये केक-कलाकार एडी स्पेन्स यांच्याकडे घडवला. मॅडम मोबाइलवर तो फोटो दाखवतात. मनोरे, कमानी, जाळ्या, सगळी साखर. सहा जणी डोकी जवळ आणून बघतात आणि कुणी काही बोलत नाही. मग आपापल्या पिशव्यांकडे वळतात.

या आयसिंगचा स्वभाव क्रीमच्या अगदी उलटा. क्रीमला इथली हवा मारते, याला इथली हवा घाई करते. नोझलच्या तोंडाशी दोन मिनिटांत खडा धरतो, म्हणून प्रत्येकीपुढे ओल्या फडक्याची घडी, पिशवी खाली ठेवली की टोक तिच्यात खुपसायचं. पातेल्यावरही ओलं फडकं. हात मात्र तोच, दाब आणि सोड. पाच पाकळ्यांची साधी फुलं बटर पेपरसकट उचलून पुठ्ठ्याच्या नळीच्या अर्ध्या पन्हाळीत ठेवायची, म्हणजे वाळताना पाकळ्या वाटीसारख्या उचललेल्या राहतात. बाजारात त्यासाठी प्लास्टिकचे साचे मिळतात. इथे बांगड्यांच्या नळ्या मधोमध चिरून ठेवल्या आहेत. कासाराच्या दुकानातल्या नळ्यांचं इतकं चांगलं सोनं झालेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

दहा वाजता मी माझा ट्रे उचलून गच्चीकडे निघते, तर मावशी हात आडवा घालतात. “उन्हात नको. रंग उडंल.” जिन्याच्या वरच्या खोलीकडे बोट दाखवतात. “कुरडईला ऊन, सांडग्याला ऊन. शेवया आम्ही सावलीतच वाळवतो, तशी ही बी सावलीत वाळू द्या. वारा लागला म्हंजे बास.” मॅडम माझ्याकडे बघून मान हलवतात. बरोबर आहे. आयसिंगच्या पुस्तकातही हेच असतं, पण मावशींनी पुस्तक पाहिलेलं नाही. त्यांनी चाळीस उन्हाळे गच्चीवर काढले आहेत. आज त्या फुलांत माझ्यापेक्षा मागे आहेत आणि वाळवण्यात मॅडमच्याही पुढे.

आम्ही सगळ्या जणी वर जातो. जिन्याच्या खोलीत बाजेवर सुती धोतर अंथरून त्यावर बटर पेपरच्या चौकोनांच्या रांगा लावतो. पिवळ्या शेवंत्या, पांढरी मोगऱ्याएवढी फुलं, दोन रंगांचे गुलाब. दार सताड उघडं, बाहेर बेचाळीसच्या घरातलं ऊन, आत त्याचा कोरडा वारा. मुंबईत, कोकणात हीच फुलं दमट हवेत चिवट राहतात, मऊ पडतात. इथे संध्याकाळपर्यंत पातळ पाकळ्या नखानं वाजवल्या तर टण् वाजतात. गुलाबांना पोटात ओल असते, त्यांना एक दिवस जास्त. या उन्हाविषयी मी जन्मभर वाईटच बोलत आले. लहानपणी ओल्या पोत्याआड झोपलेल्या दुपारी, रिकामे आड, वाळलेली तोंडं. आज पहिल्यांदा मी त्याच्यापुढे एखादं काम ठेवलं आहे आणि ते त्यानं चोख केलं आहे.

साखरेची नक्षी आमच्या भागाला नवी नाही, ही गोष्ट मला बाजेशेजारी उभं राहून आठवते. संक्रांतीला मंद आचेवर पाकाचा थेंब थेंब सोडून खसखशीला, साबुदाण्याला काटे फुटवणाऱ्या बायका, त्या हलव्याचे हार, बांगड्या, मुकुट. पाडव्याला गुढीवर चढणाऱ्या गाठी. रुखवतात मांडलेली साखरेची फळं. यांतल्या कुणीही कधी स्वतःला कलाकार म्हणवलं नाही, आणि त्यांना तसं कुणी म्हणायलाही गेलं नाही, याचं मला आता वाईट वाटतं.

विसाव्या तारखेला मी लातूरच्या एस.टी.त बसले आहे. मांडीवर मिठाईचं खोकं, आत टिश्यू पेपरच्या घड्यांत चोवीस फुलं, प्रत्येक आपापल्या बटर पेपरच्या चौकोनावर. लोहा जातं, अहमदपूर जातं, चाकूर जातं. खिडकीतून भट्टीसारखा वारा येतो. फुलांना त्याचं काही नाही. त्यांना भीती फक्त धक्क्यांची. प्रत्येक गतिरोधकाआधी मी खोकं मांडीवरून उचलून हातांवर अधांतरी धरते. शेजारची बाई विचारते, “काय हाय ओ यात?” मी झाकण उघडते. ती वाकून बघते, मग हळू विचारते, “कशाची?” “साखरेची.” ती आपल्या नातवाला उठवून दाखवते. दीडशे किलोमीटरच्या आतलाच रस्ता, पण उतरेपर्यंत माझे दंड भरून येतात. तीन फुलं तुटली आहेत. एकवीस शाबूत.

“काय करायलाव ताई, इतक्या उन्हात!” धाकटी दारात उभी आहे. नांदेडला “करूलालाव” ऐकून आलेल्या कानाला हे “करायलाव” ऐकलं की लातूर आलं.

तिचं स्वयंपाकघर लहान आणि चकचकीत. क्रीम लागलेलं पातेलं ती कधी सरळ नळाखाली धरत नाही. आधी रबरी चमच्यानं निपटते, मग जुन्या वर्तमानपत्राच्या कागदानं पुसते, मग थोड्या गरम पाण्यात बुडवते. ही सवय २०१६च्या दुष्काळी उन्हाळ्याची. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. पहिल्या गाडीचे दहा डबे, पाच लाख लिटर. तेव्हा तिनं नुकतेच केक करायला घेतले होते. क्रीमचं भांडं धुवायला किती पाणी लागतं हे तिनं त्या वर्षी तांब्या तांब्यानं मोजलं. नंतर पाणी आलं, सवय राहिली.

सकाळी आम्ही गंजगोलाईत जातो. जगदंबेच्या देवळाभोवती गोल बाजार, त्यातून फुटणारे सोळा रस्ते, प्रत्येकाचा माल वेगळा. १९१७ची ही रचना अजून शहराचं पोट भरते. केकखालचे सोनेरी पुठ्ठे आणि खोकी घेऊन तासाभरात परततो, कारण आज दुपारच्या ऑर्डरीसाठी फुलं हवी आहेत.

ऑर्डर अर्धा किलोची. लातूरला बाहेरगावची हजारो मुलं बारावी आणि नीटसाठी राहतात. उद्योग भवनाच्या ट्युशन एरियात गल्लीगल्लीत वसतिगृहं, मेस, अभ्यासिका. त्यांचे वाढदिवस इथेच येतात. घरून फोन येतो, पैसे मोबाइलवर येतात, केक धाकटी पोचवते. असे किती बाप तिनं फक्त आवाजानं ओळखायचे! आजचा बाप अर्धापूरकडचा. फोन तिनं स्पीकरवर टाकला आहे, मागून ट्रॅक्टरचा आवाज.

“यायचं होतं बघा ताई. पण हळद शिजवून वाळू घातलीय, आन् आभाळ आलंय. वळवाचं काई सांगता येत नाही. सोडून येता येईना.”

“नाव काय लिहू दादा?”

थोडा वेळ नुसता ट्रॅक्टर. “घरी आमी त्याला दादाच म्हणतो. तेवढंच लिवा. आन् फुलं टाका थोडी. पिवळी.”

नीटचा पेपर दोन आठवड्यांवर आला आहे. धाकटी स्पंजचे तीन थर कापते, साखरेचं पाणी शिंपडते, अननस, क्रीम, परत थर. फिरत्या चकतीवर पट्टी टेकवून एका फेरीत कड गुळगुळीत करते. तिचा हात बघावा असा चालतो. मग पिशवी माझ्या हातात देते. केकच्या पायथ्याशी चांदण्यांची रांग माझ्याकडे. दाब, सोड, उचल. दाब, सोड, उचल. एकही शेपूट नाही. ती काही म्हणत नाही, फक्त चकती फिरवत राहते, माझ्या हाताच्या वेगानं.

वाळलेली फुलं मात्र आत्ता लावायची नाहीत. क्रीमला ओल असते, साखर ती पिते. तासाभरात रंग उतरतो, पाकळ्या विरघळतात. फ्रीजमध्ये तर आणखी लवकर. म्हणून केक फ्रीजमध्ये, फुलं बाहेर, आणि दोघांची भेट गिऱ्हाइकाच्या दारात. तोवर आम्ही जेवून घेतो. जेवताना मी तिला विचारते, या फुलांचे किती लावणार? ती गप्प होते. केक किलोवर विकला जातो, फूल वजनात येत नाही. एका शेवंतीला माझी वीस मिनिटं जातात, वजन भरतं ते सुपारीएवढं. गिऱ्हाईक अर्ध्या किलोला अर्ध्या किलोचे देतं. मला हे बरोबर वाटत नाही आणि मी तसं तिला सांगते. जास्तीचे पन्नास मागायला तिची जीभ उचलत नाही. “पुढच्या ऑर्डरीपासून मी बोलते फोनवर,” मी म्हणते. ती हसते, पण नाही म्हणत नाही.

पाच वाजता स्कूटरवर निघतो. केक तिच्या पायांशी, फुलांचं खोकं माझ्या मांडीवर. वसतिगृहाच्या फाटकाशी रखवालदार स्टूल देतो. स्टुलावर केक, मी फुलं एक एक करून चौकोनावरून सोडवते. सुरीचं पातं खाली सरकवलं की सुटतात. मोठी शेवंती “दादा”च्या वर, दोन बाजूंना लहान चार, मधे पाच पाकळ्यांची चार पांढरी. नऊ फुलं. प्रत्येकाखाली क्रीमचा टिपका. हात थरथरत नाही.

तो खाली येतो. रबरी चपला, बोटांना शाई, मागे सात-आठ पोरं. केकवरचं नाव वाचतो आणि एकदम थांबतो. “पप्पांनी सांगितलं का?” धाकटी मान हलवते. पोरं गलका करतात, कुणीतरी मोबाइलवर घरी व्हिडिओ लावतं. पलीकडे आधी एक पिवळा पंजा दिसतो, मग चेहरा. “फुलं दाखव,” पलीकडून आवाज येतो. मोबाइल केकवर धरला जातो, खूप वेळ.

केक कापला जातो. पोरं फुलं कुडुम कुडुम खातात, मोठी शेवंती तिघांत मोडून. तो माझ्याजवळ येतो.

“मावशी, हे किती दिवस टिकतं?”

“कोरडं ठेवलं तर दोन-चार महिने.”

“एक मिळंल का? पेपर झाला की घरी जाणार हाय. आईला.”

खोक्यात बारा उरली आहेत. मी त्यातली सगळ्यात नीट आलेली शेवंती बटर पेपरसकट उचलते. तो खिशातून चष्म्याची डबी काढतो, उघडतो. चष्मा त्याच्या डोळ्यांवर आहे. मी फूल डबीत ठेवते, कागदाचे चार कोपरे वरून दुमडते. तो डबी अगदी हळू मिटतो, टक् होईपर्यंत, आणि कानाशी नेऊन किंचित हलवून बघतो.